टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन बंद नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की शॉकच्या बातम्या सुरू होतात. कुठे मोटारीच्या स्टार्टरला हात लावताना, कुठे ओल्या पत्र्यात करंट उतरून. बातमीत कारण म्हणून 'शॉर्टसर्किट' हा एकच शब्द असतो आणि विषय तिथे मिटतो. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातले कारखाने आणि भोवतालच्या गावांत विजेची व मोजमापाच्या उपकरणांची कामं करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहितो आहोत. अशा अपघातांची आणि दर हंगामात जळणाऱ्या मोटारींची एक बाजू कधी छापून येत नाही. हातात मीटर असतो, तो चालूही असतो, पण तो नेमकं काय मोजतोय हे धरणाऱ्याला ठाऊक नसतं. मीटरसोबतची पुस्तिका इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मराठीत नाही आणि कन्नडमध्येही नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडची पोरं मराठी किंवा कन्नड शाळा करून वायरमन होतात आणि ती पुस्तिका खोक्याबरोबर फेकून देतात. म्हणून हे पत्र लांबलं तरी कापू नये ही विनंती.

सुरुवात खिशातल्या टेस्टरपासून करू. त्यात निऑनची चिमुकली नळी असते आणि तिच्यामागे सुमारे १ मेगओमचा, म्हणजे दहा लाख ओमचा, रोध. तारेतून येणारा करंट या रोधातून, नळीतून, आपल्या बोटातून आणि अंगातून जमिनीत जातो. २३० व्होल्टला तो पाव मिलीअँपिअरच्या आसपास भरतो, म्हणून जाणवत नाही. पण इतक्या थोड्या करंटवर पेटणारी वस्तू खोट्या व्होल्टेजवरही पेटते, आणि खऱ्या व्होल्टेजवर कधी पेटत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभं राहिलं की मंद पेटते, भर उन्हात पेटलेली दिसत नाही, आतला रोध तुटला की पेटतच नाही. आणि ६०-७० व्होल्टच्या खाली ती मुळात पेटत नाही, मात्र ओल्या अंगाला तेवढे व्होल्टही पुरतात. दुसरा गोंधळ प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटण्याचा. लोक म्हणतात, "दोन फेज आले." बहुतेक वेळा मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेली असते आणि चालू राहिलेल्या पंख्यातून किंवा दिव्यातून फेज न्यूट्रलच्या तारेत उतरलेला असतो. न्यूट्रल समजून ती तार कोणी बिनधास्त धरली तर पुढचं सांगायला नको.

आता डिजिटल मीटर. बोअरवर टाकलेल्या केबलची एक तार दोन्ही टोकांना सुटी आहे, बाकीच्या चालू आहेत. सुट्या तारेवर मीटर लावला की ८० व्होल्ट, कधी ११० व्होल्ट दिसतात. याला कुणी 'इंडक्शन' म्हणतं, कुणी 'भुताचं व्होल्टेज'. हिशेब सोपा आहे. शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन तारा म्हणजे एक लांबलचक कंडेन्सरच. मीटरमागे १०० पिकोफॅरड धरले तर ३० मीटरला ३००० पिकोफॅरड होतात, आणि ५० सायकलला त्याचा अडथळा सुमारे १ मेगओम. डिजिटल मीटरचा आतला रोध १० मेगओम असतो. म्हणजे १ मेगओममधून आलेलं व्होल्टेज १० मेगओमवर मोजायचं, तर ते जवळजवळ पुरतं मीटरवरच पडणार. त्याच केबलमधल्या न्यूट्रल किंवा अर्थच्या तारेचीही ओढ असते, म्हणून आकडा अर्धामुर्धा येतो. आता त्याच तारेला न्यूट्रलशी झिरोचा बल्ब जोडून पाहा. नावाला झिरो असला तरी तो १५ वॉटच्या आसपासचा असतो, म्हणजे पेटल्यावर साडेतीन हजार ओम. १ मेगओममधून येणारं व्होल्टेज या साडेतीन हजारांवर एक व्होल्टसुद्धा उरत नाही. मीटर शून्याला येतो आणि भूत पळतं. चांगल्या मीटरवर 'लो-झेड' नावाचा खटका असतो तो हेच करतो, आतला रोध मुद्दाम काही हजार ओमवर आणतो.

जुने वायरमन सिरीज लॅम्प (दोन तारा काढलेला तपासणीचा बल्ब) घेऊन फिरायचे ते उगाच नव्हे. फक्त तीन फेजच्या जागी एकच बल्ब दोन फेजांत लावू नये, ४१५ व्होल्टला तो तोंडावर फुटतो. दोन सारखे बल्ब एकामागे एक जोडावेत आणि भोवती जाळी असावी.

पण बल्ब पेटला नाही म्हणजेही सगळं संपलं असं नाही. इथे बरेच अनुभवी लोक फसतात. समजा केबलचं इन्शुलेशन ओल धरून १०,००० ओमपर्यंत उतरलं आहे. झिरोच्या बल्बमधून २०-२२ मिलीअँपिअर जातील. त्याला पूर्ण पेटायला ६५ लागतात, म्हणून तो काळाच राहील. ओल्या माणसाचं अंग दीड हजार ओम धरलं तर त्याच्यातून जाणारा करंट २३० भागिले ११,५००, म्हणजे २० मिलीअँपिअर. मूठ आवळली जाऊन सुटत नाही, त्या हद्दीच्या पलीकडचा हा आकडा. "इंडक्शन आहे, सोड" असं म्हणून पुढे जाणारा इथेच सापडतो. म्हणून क्रम ठरलेला असावा. मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून खिशात ठेवायचे. मीटर आधी चालू असलेल्या जागी लावून तो ठीक आहे हे पाहायचं, मग कामाच्या तारा फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ अशा सगळ्या जोड्यांनी तपासायच्या, आणि मग पुन्हा चालू जागी जाऊन मीटर मधल्या वेळात मेला नाही ना हे बघायचं. तिसरी पायरी जवळजवळ कोणी करत नाही. शेवटी तिन्ही तारा एकत्र बांधून अर्थला जोडायच्या आणि मगच हात घालायचा. चार मिनिटांचं काम आहे.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या पिवळ्या मीटरबद्दल स्पष्टच लिहायला हवं. रेडिओ, बॅटरी, मोबाइलचा चार्जर तपासायला तो वाईट नाही. पण त्याच्या १० अँपिअरच्या भोकापाशी बहुधा इंग्रजीत 'अनफ्यूज्ड' लिहिलेलं असतं, म्हणजे त्या वाटेत फ्यूजच नाही. त्या भोकाच्या आत ओमच्या शंभराव्या भागाएवढी एक जाड तार असते. काल करंट मोजताना लाल वायर तिथे खोचली, आज तशीच ठेवून फेज-न्यूट्रलवर टोकं टेकवली, की तो सरळ शॉर्ट. वितळलेलं तांबं हातावर येतं. महागड्या मीटरमध्ये या वाटेत वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो. तो ठिणगी आतल्या आत विझवतो. त्याच्या जागी काचेचा फ्यूज किंवा तारेचं वेटोळं घालणारा मीटर दुरुस्त करत नाही, त्याचा बॉम्ब करतो.

मीटरवर 'कॅट' लिहून पुढे रोमन आकडा असतो. तो दर्जा कोणत्या जागी मीटर वापरायचा ते सांगतो. दोन म्हणजे घरातल्या प्लगपर्यंत, तीन म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, स्टार्टर आणि कारखान्याचं पॅनेल, चार म्हणजे खांबावरून येणारी सर्व्हिस लाइन. स्टार्टर तुटताना किंवा वीज पडली की लाइनवर हजारो व्होल्टचा झटका क्षणभर येतो. ६०० व्होल्टच्या कॅट तीन मीटरची चाचणी ६,००० व्होल्टच्या झटक्याला होते, कॅट दोनची ४,००० ला. ट्रान्सफॉर्मर जितका जवळ तितका मागून येणारा करंट मोठा, म्हणून फौंड्रीतल्या पॅनेलवर कॅट तीनच्या खाली जाऊ नये. छापलेलं खरं की खोटं हे बघायला मागचं झाकण उघडावं. आत काचेचा बारका फ्यूज आणि बाहेर 'कॅट तीन १००० व्होल्ट' असं असेल तर छपाई फुकटची आहे.

आता मोटारी, कारण शेतकऱ्याचा खरा पैसा तिथे जातो. आपल्याकडे शेतीला थ्री फेज ठरावीक तासच असतो. त्यातच कधी खांबावर एक फ्यूज उडतो आणि मोटार दोन फेजवर रेटत राहते. वायरमन येतो, चालू मोटारीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजतो, ४१५, ३९०, ३८५ असं काहीतरी दिसतं, आणि "तिन्ही फेज आहेत" म्हणून जातो. तासाभरात मोटारीचा वास येतो. मीटर इथे खोटं बोललेला नाही. फिरणारी मोटार स्वतःच गेलेल्या फेजच्या वेटोळ्यात व्होल्टेज तयार करते, जनरेटरसारखं. त्यामुळे व्होल्टेज पाहून गेलेला फेज कळत नाही, करंट पाहूनच कळतो. ५ हॉर्सपॉवरच्या मोटारीला पूर्ण लोडला प्रत्येक तारेत साडेसात अँपिअरच्या आसपास जातात. फेज गेला की एका तारेत शून्य आणि उरलेल्या दोघींत तेराच्या घरात. व्होल्टेजच मोजायचं तर मोटार थांबवून स्टार्टरच्या वरच्या, लाइनच्या बाजूला मोजावं. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार चालवणाऱ्यांनी तर तिन्ही तारांचे करंट रोज बघितले तरी जास्त होणार नाही.

क्लॅम्प मीटरची चिमटी एका वेळी एकाच तारेभोवती घालायची. तिन्ही तारा एकदम चिमटीत घेतल्या तर येणारे-जाणारे करंट एकमेकांना खातात आणि आकडा शून्याजवळ येतो. (हाच गुण गळती शोधायला उपयोगी पडतो. फेज-न्यूट्रल दोन्ही चिमटीत घेतल्यावर जे उरतं तो अर्थमध्ये जाणारा करंट. पण त्यासाठी मिलीअँपिअर दाखवणारा गळतीचा क्लॅम्प हवा.) चिमटीच्या जबड्यात मातीचा कण अडकला की आकडा कमी येतो, फुंकर मारून नीट मिटली का ते पाहावं. करंट फार कमी असेल तर तारेचे दहा वेढे चिमटीतून घेऊन येणाऱ्या आकड्याला दहानं भागावं. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, कारण तो आतून ट्रान्सफॉर्मर आहे. सोलर पंपाच्या पॅनेलचा डीसी करंट पाहायला हॉल सेन्सरचा क्लॅम्प लागतो आणि दर वेळी आधी त्याचं शून्य करून घ्यावं लागतं.

फेज असतात, पण सारखे नसतात, ही दुसरी कटकट. समजा फेज-फेज आकडे ४१२, ४००, ३८८ आले. सरासरी ४००, सगळ्यात मोठा फरक १२, म्हणजे ३ टक्के. दिसायला किरकोळ. पण मोटारीच्या तापमानातली वाढ या टक्क्याच्या वर्गाच्या दुपटीनं जाते: तीन गुणिले तीन नऊ, दुप्पट अठरा. वेटोळं नेहमीपेक्षा १८ टक्के जास्त तापतं.

आता कोणी विचारेल, एवढा बारीक फरक पिवळ्या मीटरवर कळेल का? त्याच्या माहितीत ७५० व्होल्टच्या रेंजला अचूकता 'वाचनाच्या १.२ टक्के अधिक १० अंक' अशी लिहिलेली असते. शेवटचा अंक म्हणजे १ व्होल्ट. ४०० व्होल्टला १.२ टक्के ४.८, अधिक १०, मिळून जवळजवळ १५ व्होल्ट इकडे किंवा तिकडे. घरातल्या २३० ला हीच खोट १३ च्या आसपास, म्हणजे पडद्यावर २३० दिसतात तेव्हा खरे २१७ किंवा २४३ असू शकतात. तरी एकाच मीटरनं, एकाच रेंजवर, लागोपाठ तिन्ही जोड्या मोजल्या तर चूक बहुतेक सारखीच राहते आणि फरक बऱ्यापैकी भरवशाचा निघतो. दोन मीटर घेऊन तुलना करू नये, एवढंच. पडद्यावर जास्त आकडे दिसणं आणि आकडा खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विकणारा सांगत नाही.

'ट्रू आरएमएस' या शब्दांसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का, असं नेहमी विचारलं जातं. वडगाव, खासबागच्या मागावर जिथे ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) आहेत तिथे आणि इन्व्हर्टर दुरुस्तीवाल्यांनी द्यावेत. ट्रू आरएमएस मीटर लाट कशीही असली तरी तिचं खरं परिणामी व्होल्टेज मोजतो. साधा मीटर सरासरी मोजतो आणि लाट साईनच आहे असं धरून तिला १.११ नं गुणतो. पूर्ण चौकोनी लाट देणाऱ्या इन्व्हर्टरवर त्यानं २३० दाखवले तर खरे २०७ च असतात. ड्राइव्हच्या आउटपुटला मात्र नुसता ट्रू आरएमएससुद्धा पुरत नाही, आत लो-पास फिल्टर असलेला मीटर लागतो.

मेगरकडे, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाकडे, वळू. मोटारीचं बॉडी-वायंडिंग तपासताना साध्या मीटरचा ओम खटका लावून "ओपन आहे, ठीक आहे" म्हणणं सर्वत्र चालतं. तो मीटर बॅटरीवर मोजतो, टोकांवर जेमतेम दोन-तीन व्होल्ट देतो. ओलसर किंवा भाजलेल्या इन्शुलेशनमधून तेवढ्यानं काही जात नाही, खरा ताण आल्यावर मात्र ते फुटतं. म्हणून ५०० व्होल्ट डीसीचा मेगर. आधी लाइन तोडायची, ड्राइव्ह किंवा सॉफ्ट स्टार्टर असेल तर त्याच्या तारा सोडवायच्या (नाहीतर मोटार शाबूत आणि ड्राइव्ह खलास), मग पूर्ण एक मिनिट थांबून आकडा घ्यायचा. काटा किंवा आकडा मिनिटभर वर चढत राहिला तर चांगलं. सुरुवातीलाच थबकला तर आत ओल आहे. वायरिंगला १ मेगओम ही तळाची रेषा, आपल्याकडच्या नेहमीच्या मोटारीला ४० अंशाला ५ मेगओम. तापमानाचा हिशेब इथे विसरू नये, कारण दर १० अंश वाढीला हा रोध साधारण निम्मा होतो. आत्ताच बंद केलेल्या, ६० अंश तापलेल्या मोटारीनं ३ मेगओम दाखवले तर ४० अंशाला ते १२ होतात, मोटार पास. आणि पावसाळी सकाळी २० अंशाला ८ मेगओम दिसले, तर ४० अंशाचे ते २ च. ही मोटार आधी वाळवायला हवी. लांब केबल मेगर केल्यावर ती अर्थला टेकवून रिकामी करावी, ती कंडेन्सरसारखी भरलेली असते.

अर्थिंगची परीक्षा आपल्याकडे १०० वॉटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून करतात. लख्ख पेटला की अर्थिंग उत्तम! या समजुतीनं किती नुकसान केलं असेल कोण जाणे. १०० वॉटचा बल्ब ०.४३ अँपिअर घेतो. अर्थचा रोध २० ओम असला तरी तिथे ९ व्होल्टही पडत नाहीत, बल्ब लख्खच पेटणार. पण त्याच २० ओमच्या अर्थिंगवर मोटारीच्या बॉडीत फेज उतरला तर करंट २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी पडणारच नाही आणि मोटारीची बॉडी दिवसभर जिवंत राहील. ५ ओमचं अर्थिंग केलं तरी ४६ अँपिअर. 'सी' जातीचा १६ चा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० लागतात, तोवर तो तापून पडायची वाट पाहायची. म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा करंट दिसताच लाइन तोडणारा खटका) हवाच. त्याला अर्थ शेकडो ओमचा असला तरी चालतं. मात्र त्याचं 'टेस्ट' बटण फक्त आतली यंत्रणा पडते का ते सांगतं, अर्थिंगबद्दल काहीही सांगत नाही.

अर्थ मोजायचा तर तीन खुंट्यांचा अर्थ टेस्टर. अर्थिंगची तार वायरिंगपासून सोडवायची (लाइन बंद करूनच), तिथून सरळ रेषेत ३० मीटरवर करंटची खुंटी आणि ६२ टक्क्यांवर, म्हणजे १८.६ मीटरवर, व्होल्टेजची खुंटी ठोकायची. आकडा घेतला की मधली खुंटी ३ मीटर अलीकडे, मग ३ मीटर पलीकडे सरकवून पाहायची. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर मोजणी खरी, नाहीतर करंटची खुंटी आणखी लांब न्यायची. साध्या मीटरच्या ओम खटक्यानं हे होत नाही, कारण ओल्या मातीत दोन धातू ठोकले की बॅटरीसारखं व्होल्टेज आपोआप तयार होतं आणि जमिनीतून भटके करंट वाहत असतात ते वेगळेच.

जमिनीचा फरकही लक्षात घ्यावा. खानापूरकडच्या जांभ्यात आणि मुरमाड मातीत रोध मुळातच जास्त, एका पाइपवर भागत नाही. अथणीकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात आकडा सुरेख येतो, पण उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पाइपपासून सुटते आणि तोच आकडा कितीतरी पट चढतो. ऑगस्टमधल्या मोजणीवर समाधान मानू नये, मे महिन्यात मोजावं.

फौंड्रीवाल्यांसाठी थोडं वेगळं. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला बहुतेक ठिकाणी के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा दोन धातूंच्या तारांचा जोड) असतो. तो अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो, मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. भट्टीपासून पॅनेलपर्यंत त्याच जातीची कॉम्पेन्सेटिंग केबल लागते. ती तुटली की घाईत साधी तांब्याची वायर जोडली जाते आणि डिस्प्ले चालूच राहतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. थर्मोकपलच्या डोक्याशी ८० अंश आणि पॅनेलशी ३० अंश असतील तर तांब्याच्या वायरवर हे मधले ५० अंश गहाळ होतात. डिस्प्ले ९०० म्हणतो, भट्टी ९५० ला असते. सकाळी डोकं थंड असताना चूक लहान, दुपारी मोठी, म्हणून पहिला चार्ज बरोबर आणि नंतरचे बिघडलेले निघतात. दोष मग मालाला किंवा माणसाला दिला जातो. केबल खरी पण दोन्ही टोकांना उलटी जोडली, तर चूक दुप्पट, १०० अंश. याचं मूळ रंगात आहे. अमेरिकी पद्धतीच्या केबलमध्ये लाल तार निगेटिव्ह आणि पिवळी पॉझिटिव्ह असते, युरोपीय पद्धतीत हिरवी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह. आपल्या वायरमनच्या डोक्यात लाल म्हणजे प्लस पक्कं बसलेलं असतं.

तपासणी अगदी सोपी आहे. कंट्रोलरच्या थर्मोकपल टर्मिनलवर तारेच्या तुकड्यानं शॉर्ट करा, खोलीचं तापमान दिसलं पाहिजे. दिसलं तर कंट्रोलर ठीक, दोष केबलमध्ये किंवा थर्मोकपलमध्ये. थर्मोकपल चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात... इथे १०० लिहायचा मोह होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशालाच उकळतं. १०० दाखवणारा थर्मोकपल इथे अडीच अंशांनी चुकलेला असतो.

ऑसिलोस्कोपचं, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचं, एकच सांगतो. त्याच्या प्रोबची काळी क्लिप थेट अर्थच्या पिनला जोडलेली असते. चार्जर किंवा टीव्हीच्या प्रायमरी बाजूला, जिथे कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट डीसी उभे असतात, तिथे ती क्लिप लावली की धडाका. यावर स्कोपची अर्थ पिन कापणं हा उपाय नव्हे. मग स्कोपची सगळी धातूची बॉडीच जिवंत होते. दुरुस्तीची वस्तू आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवावी.

कॅलिब्रेशनचा, म्हणजे उपकरण मानकाशी ताडून पाहण्याचा, विषय काढला की "स्टिकर आहे ना?" असं उत्तर मिळतं. उसाच्या वजनात काटामारी झाली की अख्खा तालुका पेटतो, काट्यावर सरकारी शिक्का आहे का हे लहान शेतकरीही बघतो. भट्टीच्या आणि पॅनेलच्या मीटरला असा शिक्का कोणी मागत नाही. कॅलिब्रेशनच्या खऱ्या दाखल्यात स्टिकरपेक्षा बरंच असतं: कोणत्या बिंदूला उपकरणानं किती दाखवलं, खरं किती होतं, आणि त्या खऱ्यातही किती अनिश्चितता धरायची. आणि ज्या मानकाशी तुलना झाली त्याची साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते का, तेही. खऱ्या आकड्याचा आणि अनिश्चिततेचा रकाना वाचता आला नाही तर दाखला भिंतीवरच्या फ्रेमपुरता. छोट्या वर्कशॉपनं निदान ०.१ टक्क्याचे दोन-तीन रोध आणि एक व्होल्टेज रेफरन्सची चिप डबीत ठेवावी. महिन्यातून एकदा त्यावर सगळे मीटर लावून आकडा वहीत लिहावा. एखादा मीटर हळूहळू सरकू लागला की वहीतच दिसतो.

आयटीआयच्या आणि तंत्रशिक्षणाच्या मंडळींना आमची विनंती अशी की, प्रात्यक्षिकात मुलांना तयार व चालू सर्किट देऊन आकडे उतरवून घेण्याऐवजी मुद्दाम बिघडवलेलं द्यावं: एक सुटी तार, एक उलटी थर्मोकपल केबल, एक फेज काढलेली मोटार. आणि प्रश्न मराठीत किंवा कन्नडमध्ये विचारावा, 'मीटर ११० व्होल्ट दाखवतोय, बल्ब पेटत नाही, तू काय करशील?' आपल्या वृत्तपत्राच्या शेतीविषयक पानावर यातला एकेक मुद्दा चौकटीत आला तर तो स्टार्टरच्या पेटीपर्यंत पोहोचेल.

तोवर शेतकऱ्यांनी एक करावं. नवी मोटार बसवली किंवा वायंडिंग करून आणली की त्याच दिवशी तिन्ही तारांचे करंट, तिन्ही व्होल्टेज, मेगरचा आकडा, त्या वेळचं तापमान आणि तारीख ऑइल पेंटनं स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून घ्यावी. पुढच्या वर्षी येणारा वायरमन दुसरा असेल, त्याचा मीटरही दुसरा असेल, पण झाकण उघडल्यावर त्याला पहिल्यांदा हे आकडे दिसतील.

आपले,
उद्यमबाग व मच्छे परिसरातील काही विद्युत आणि उपकरण तंत्रज्ञ,
बेळगाव